वाघाची टाच

बैलाचा मागचा गुडघा उलटा वाकतो, असे आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणापासून वाटत आलेले असते. भंडारा जिल्ह्यात तर बैल सतत डोळ्यांसमोर असतो. धानाच्या बांधीत चिखलणी करताना तो दिसतो, पोळ्याला झूल पांघरून तोरणाखाली उभा दिसतो आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात पोरांच्या हातातल्या दोरीमागे लाकडी होऊन चाकांवर धावतो. तरीही त्याच्या मागच्या पायाच्या मध्यावर जो टोकदार सांधा मागे निघालेला दिसतो, ती त्याची टाच आहे, हे सांगितल्यावर लोक चमकतात. खरा टोंगळा, म्हणजे गुडघा, या टाचेच्या बराच वर, पोटाच्या कातडीला लागून असतो आणि तो आपल्या टोंगळ्यासारखाच पुढे वाकतो. टाचेखालची सरळ नळी म्हणजे आपल्या तळपायातली लांब हाडे, आणखी लांबून एकजीव झालेली. जमिनीला टेकणारा दुभंगलेला खूर म्हणजे दोन बोटांची नखे. म्हणजे बैल आयुष्यभर नखांच्या टोकांवर उभा असतो. कोट घातलेला वाघ, चष्मा लावलेले अस्वल, भाषण करणारा वानर असे माणसासारखे वागणारे प्राणी पटतील असे काढायला शिकायचे असेल, तर शिकण्याची सुरुवात चेहऱ्याऐवजी या टाचेपासून व्हायला हवी. या प्रकरणाचा सगळा युक्तिवाद एवढ्याच एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

शिकाऊ हात साधारणपणे दोन वाटांनी जातो. पहिली वाट म्हणजे माणसाचे धड काढून त्यावर प्राण्याचे डोके बसवणे. दुसरी म्हणजे चार पायांचा प्राणी जसाच्या तसा मागच्या पायांवर उभा करणे. पहिल्या चित्रात मुखवटा घातलेला माणूस दिसतो, दुसऱ्यात सर्कशीत शिकवून उभे केलेले जनावर. दोन्हींत तिसरा जीव जन्माला येत नाही, कारण चित्रकाराने कोणताही सांधा स्वतः ठरवलेला नसतो; एकदा सगळे माणसाकडून उचललेले असते, एकदा सगळे प्राण्याकडून. पटणारे पात्र तेव्हा तयार होते, जेव्हा टाच, खांदा, मान, जबडा, हात आणि शेपूट या प्रत्येक ठिकाणी माणूस आणि प्राणी यांच्यामधली एक जागा मुद्दाम निवडलेली असते आणि एका जागेची निवड दुसऱ्या जागेने निभावलेली असते. टाच उचललेली ठेवली तर कंबर कुठे झुकेल, कंबर झुकली तर कणा कसा वळेल, कणा वळला तर मान किती मागे येईल, ही साखळी एकदा सुरू झाली की मध्ये कुठेही तोडता येत नाही. ती तुटलेली असेल तर पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण चित्र खोटे आहे हे त्याला लगेच कळते.

ही निवड शक्य होते, कारण निसर्गाने सस्तन प्राण्यांचे सांगाडे जवळजवळ एकाच आराखड्यावर बेतलेले आहेत. पिएर बेलों या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने १५५५ मध्ये माणसाचा आणि पक्ष्याचा सांगाडा शेजारी शेजारी छापून हाडाला हाड जुळवून दाखवले. त्याच्याही आधी लिओनार्दो दा विंचीने अस्वलाचा पाय सोलून त्याच्या नसा-हाडांची चित्रे काढली होती. पण आपल्या विषयाचा खरा पाठ दिला तो जॉर्ज स्टब्ज या इंग्रज चित्रकाराने. घोड्याच्या शरीररचनेवरचे त्याचे पुस्तक १७६६ सालचे. उतारवयात, १७९५ मध्ये, त्याने माणूस, वाघ आणि कोंबडी या तिघांच्या तुलनात्मक शरीररचनेचे काम हाती घेतले आणि १८०६ मध्ये तो वारला तेव्हाही ते अपुरेच होते. त्या चित्रमालेत माणसाचा सांगाडा चार पायांवर रांगतानाही काढलेला आहे. रांगणारा माणूस पाहिला की वाघ एकदम समजतो. हाडे तीच आहेत, क्रम तोच आहे. लांबी, कोन आणि जमिनीला टेकणारी जागा तेवढी बदललेली आहे. स्टब्ज काही विनोदी प्राणी काढत नव्हता. तरी माणूस आणि वाघ यांच्या दरम्यानच्या सगळ्या शक्यता ज्याला हव्यात, त्याने त्याचे हे काम पुन्हा पुन्हा पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

भंडाऱ्यात राहणाऱ्याला या अभ्यासासाठी दूर जायची गरज नाही. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा काही भाग या जिल्ह्यात येतो, कोका अभयारण्य शहरापासून जवळ आहे, पवनीच्या बाजूला उमरेड-पवनी-करांडला आहे. या जंगलांत जमिनीवर उभे राहण्याच्या तिन्ही तऱ्हा एकत्र भेटतात. अस्वल आणि वानर तळव्यावर चालतात, वाघ आणि रानकुत्रा बोटांवर चालतात, चितळ आणि गवा नखांवर. या जंगलांच्या मधून किंवा बाजूने वाहणारी वैनगंगा तर जगभरच्या वाचकांना माणसासारख्या प्राण्यांच्या कथांतूनच ठाऊक आहे. रुडयार्ड किपलिंगच्या १८९४ च्या ‘जंगल बुक’मधले शिवनीचे रान हे याच नदीच्या उगमाकडचे रान, आणि नदीचे नावही त्या कथांत येते. त्या पुस्तकातली काही चित्रे काढणारे जॉन लॉकवुड किपलिंग हे रुडयार्डचे वडील, मुंबईच्या जे. जे. कला शाळेत ते शिक्षक होते आणि रुडयार्डचा जन्म १८६५ मध्ये त्या शाळेच्या आवारातच झाला. बोलणाऱ्या प्राण्यांचे एवढे गाजलेले चित्रविश्व वैनगंगेच्या खोऱ्याशी जोडलेले असताना इथल्या चित्रकाराने परदेशी कार्टूनमधले लांडगे आणि कोल्हे गिरवत बसावे, हे मला पटत नाही.

अस्वलापासून सुरुवात करावी, कारण ते सर्वांत कमी अडवते. त्याचा तळवा पूर्ण टेकतो, टाच जमिनीवर असते, आणि ते आपणहून मागच्या पायांवर उभे राहते. मोहफुले वेचायला पहाटे रानात जाणाऱ्या बायाबापड्यांनी ते तसे उभे राहिलेले पाहिलेले असते, आणि त्या उभे राहण्यात किती धोका असतो हेही त्यांना माहीत असते. म्हणून अस्वलाचे पात्र उभे करताना कमरेखाली फारसे काही बदलावे लागत नाही. मांड्या आखूड, पाऊल किंचित आत वळलेले, वजन टाचेवर. मात्र आपले अस्वल हे युरोपातले तपकिरी अस्वल नव्हे, हे विसरल्यावर चित्र घसरते. आपल्या अस्वलाची नखे लांब आणि बाकदार असतात, वारुळे फोडायला. वरच्या जबड्यातले पुढचे मधले दोन दात त्याला नसतात. त्या फटीतून, ओठांची नळी करून, ते वाळवी ओढून घेते. त्याचे ओठ विलक्षण हलते असतात. बोलणारे पात्र काढणाऱ्याला याहून मोठी देणगी कोणती? या अस्वलाला ‘ओ’ आणि ‘ऊ’ म्हणायला शिकवावे लागत नाही. पण त्याने दात दाखवून हसायचे ठरवले तर मध्ये फट दिसायला हवी. १९६७ च्या डिस्नेच्या ‘जंगल बुक’ चित्रपटातला बाळू हा अस्वल लोभस आहे, पण ही फट आणि ही नखे यांपैकी त्यात काही नाही. त्याच चित्रपटात किपलिंगच्या कथेत नसलेला एक ओरांगउटानही शिवनीच्या रानात नाचतो, जो प्रत्यक्षात बोर्निओ आणि सुमात्रा इथे राहतो. चित्रपटाला ते खपून गेले. पण अस्वल रोज ऐकणाऱ्या-पाहणाऱ्या वाचकासाठी चित्र काढताना ते खपवून घेऊ नये.

वानराचा प्रश्न वेगळा आहे. तो इतका माणसासारखा आहे की चित्रकाराला शिकायला काही उरलेच नाही असे वाटते, आणि तिथेच हात चुकतो. वानराला गळ्याखालचे आडवे हाड पूर्ण असते, म्हणून तो हात बाजूला फाकवू शकतो. तो बसतो माणसासारखा, पिल्लाला उचलतो माणसासारखा. पण त्याचा अंगठा फार आखूड आणि बाकीची बोटे लांब असतात. त्यामुळे त्याच्या हातात पेन द्यायचे असेल तर ते अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत न देता बोटांच्या आकड्यात अडकवावे लागते. दुसरी नेहमीची चूक गालांची. लाल तोंडाचे माकड गालात दाणे साठवते, काळ्या तोंडाच्या वानराला गालपिशव्या नसतातच. फुगलेल्या गालांचा वानर काढला की तो अर्धा माकड होतो. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्याच्या जंगलावर लिहिले तेव्हा तो परिसर भंडारा जिल्ह्यातच होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला १९९९ मध्ये. वानरांच्या टोळ्यांवरच्या त्यांच्या ‘सत्तांतर’ या कादंबरीला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या कादंबरीतल्या वानरांना नावे आहेत, हेवेदावे आहेत, सत्तेची भूक आहे, आणि तरीही ते एका क्षणासाठीही कपडे घातलेली माणसे होत नाहीत. ज्यांना शब्दांऐवजी रेषा वापरायच्या आहेत त्यांच्यासाठी ही कादंबरी म्हणजे पुरावा आहे की प्राण्याला माणसाचे मन देण्यासाठी त्याचे शरीर मोडावे लागत नाही. उलट शरीर जितके खरे, तितके ते मन आपल्याला पटते.

आता वाघ. इथे सगळेच सांधे एकदम अंगावर येतात. पहिला प्रश्न टाचेचा: ती टेकवायची की उचललेली ठेवायची? दोन्ही चालते. उचललेली ठेवली तर पाय तीन ठिकाणी मोडलेला दिसतो. मांडी पुढे, नडगी मागे, पाऊल पुन्हा खाली आणि पुढे. अशा पायांवर उभे राहणारे धड तोल राखण्यासाठी थोडे पुढे झुकले पाहिजे, आणि कानापासून सोडलेला ओळंबा बोटांच्या गादीवर पडला पाहिजे. तो मागे पडला तर वाघ आता पडेल असे वाटते. टाच टेकवली तर ही अडचण संपते, पण मग पाऊल अस्वलाचे दिसू लागते, त्यामुळे पंजा रुंद आणि घोटा नाजूक ठेवून त्याची भरपाई करावी लागते. दुसरा प्रश्न खांद्याचा, आणि माझ्या मते चांगला चित्रकार आणि होतकरू चित्रकार यांच्यातला फरक इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. माणसाची छाती रुंद आणि चपटी, खांद्याची पाती पाठीवर. वाघाची छाती अरुंद आणि खोल, पाती दोन्ही बाजूंना उभी, आणि गळ्याखालचे हाड म्हणजे स्नायूंत तरंगणारी एक बारीकशी काडी. म्हणून त्याचा पुढचा पाय पुढे-मागे मोकळा झुलतो, बाजूला फारसा जात नाही. पैलवानाच्या छातीवर वाघाचे डोके ठेवले की तो वाघ हात फाकवून मिठी मारू शकतो, पण दबा धरू शकत नाही. अरुंद छाती ठेवली तर तो दबा धरू शकतो, पण त्याच्या अंगावर कोट बसत नाही. पात्र काय करणार आहे, यावर खांदा ठरतो. ‘जंगल बुक’मधल्या शेरखान या वाघाचे उदाहरण इथे फार बोलके आहे. १९६७ च्या चित्रपटात मिल्ट काल या चित्रकाराने त्याला जिवंत केला तो चारही पायांवर ठेवून. तो उभा राहत नाही, कपडे घालत नाही. चालताना पाठीवर आळीपाळीने उचलली जाणारी खांद्याची पाती, सावकाश वळणारी मान आणि एक भुवई, एवढ्यातून त्याची सगळी मिजास उतरते. त्या चित्रपटात माणसासारखी पात्रे पुष्कळ आहेत, आणि त्यांतला सर्वांत माणसासारखा चार पायांवर चालतो.

तिसरा प्रश्न मानेचा. माणसाची कवटी कण्यावर वरून ठेवलेली असते, मज्जारज्जूचे छिद्र तिच्या तळाला असते. वाघाचे ते छिद्र मागच्या बाजूला असते, कारण त्याचा कणा आडवा येतो. उभा केलेला वाघ समोर पाहताना दाखवायचा असेल तर कण्याला मानेपाशी जवळजवळ काटकोनात वळावे लागते. हा वळसा दाखवायचा की झाकायचा? भारतीय मूर्तिकारांनी त्याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. भंडाऱ्याच्या शेजारी, रामटेकच्या टेकडीवर, वाकाटकांच्या काळातली, इसवी सनाच्या पाचव्या शतकातली केवल नरसिंहाची आणि रुद्र नरसिंहाची देवळे आहेत. तिथला नरसिंह बसलेला आहे, अंगाने स्थूल, आणि मुख्य म्हणजे त्याचे भव्य डोके थेट खांद्यांत उतरते. आयाळीच्या भारात मान दिसतच नाही. बसवल्यामुळे टाचेचा प्रश्न संपला, आयाळीमुळे मानेचा, आणि स्थूलपणामुळे छाती सिंहाची की माणसाची हे विचारायची वेळच आली नाही. तिन्ही निर्णय एकमेकांना धरून आहेत. वाघाला आयाळ नसते, म्हणून वाघ सिंहापेक्षा अवघड. पण नराच्या गालांवरचे लांब केस वाढवून, कॉलर उभी करून किंवा गमछा गुंडाळून तेच काम करता येते.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. नरसिंह, गणपती, मारुती हे काही कल्पनाचित्रातले प्राणी नव्हेत; ते पूजेचे विषय आहेत, त्यांची रूपे शिल्पशास्त्राने आणि श्रद्धेने ठरवली आहेत, आणि त्यांना हाडांच्या मापाने मोजणे गैर आहे. या आक्षेपातली आदराची मागणी मला पूर्ण मान्य आहे. पण त्यातले गृहीतक मान्य नाही, कारण शिल्पशास्त्र स्वतःच मापांचे शास्त्र आहे. चेहऱ्याच्या लांबीचा ‘ताल’ धरून सगळ्या मूर्तीची उंची ठरवायची ही त्याची पद्धत, आणि गणपतीला ते बहुधा पाच ताल देते. प्रौढ माणसाच्या मानाने हे प्रमाण फार ठेंगणे, लहान मुलाच्या जवळचे. हत्तीचे अवाढव्य डोके प्रौढाच्या धडावर ठेवले तर ते ओझे वाटेल. लहान मुलाचे डोके मुळातच अंगाच्या मानाने मोठे असते, त्यामुळे तिथे ते शोभते. कपाळावरचे दोन उंचवटे पाहावेत: ते आशियाई हत्तीच्या डोक्यावर असतात, आफ्रिकी हत्तीच्या नसतात. ज्यांनी ही रूपे घडवली त्यांनी हत्ती निरखून पाहिला होता आणि मग त्याचे काय घ्यायचे ते ठरवले होते.

याचा सर्वांत सुंदर दाखला भंडारा शहरातच आहे. मेंढा भागातला भृशुंड गणेश विदर्भाच्या अष्टविनायकांत मोजला जातो. भृशुंडी ऋषींची कथा गणेश पुराणात येते: वाटमारी करणारा एक कोळी मुद्गल ऋषींच्या उपदेशाने तपाला बसला, आणि त्याच्या ध्यासाची सिद्धी अशी की त्याच्या दोन भुवयांच्या मधून सोंड उगवली. नाकाच्या शेंड्यावरून किंवा ओठावरून न उगवता सोंड भुवयांमधून उगवते, हे लक्षात ठेवून हत्तीची कवटी पाहावी. हत्तीच्या कवटीत नाकाचे छिद्र तोंडाजवळ नसते. ते वर, डोळ्यांच्या मध्ये, कपाळाच्या बाजूला असते, आणि इतके मोठे असते की ओथेनिओ आबेल या ऑस्ट्रियन जीवाश्मशास्त्रज्ञाने १९१४ मध्ये असा तर्क मांडला की भूमध्य समुद्रातल्या बेटांवर सापडणाऱ्या ठेंगण्या हत्तींच्या कवट्या पाहूनच प्राचीन ग्रीकांना एकडोळ्या राक्षसाची कल्पना सुचली असावी. सोंड म्हणजे नाक आणि वरचा ओठ यांची एकत्र वाढ, तिच्यात एकही हाड नाही. तिचे मूळ कवटीच्या त्या उंच छिद्रापाशी आहे. कोळ्याला सोंड देताना कथाकाराने ती नेमकी तिथेच दिली. आजही शाळेतली मुले, आणि कित्येकदा मोठी मंडळी, गणपती काढताना सोंड डोळ्यांच्या खाली, माणसाच्या नाकाच्या जागेवर चिकटवतात आणि मग चेहऱ्याला नळी लावल्यासारखे दिसते. ती भुवयांपासून सुरू करून डोळे तिच्या दोन्ही कडांना सरकवले की तोच चेहरा जिवंत होतो. सुळे म्हणजे वरचे पुढचे दात, म्हणून ते सोंडेच्या मुळाशी दोन्ही बाजूंना निघतात, गालांतून निघत नाहीत. २०२२ च्या अखेरीस रानहत्तींचा कळप गडचिरोली-गोंदियाकडून भंडारा जिल्ह्यात आला. त्या वेळी ज्यांनी हत्ती सुरक्षित अंतरावरून पाहिले असतील त्यांना आणखी एक गोष्ट दिसली असेल. हत्तीच्या मागच्या पायाचा टोंगळा खाली आणि मोकळा असतो, मांडी पोटाच्या कातडीत लपलेली नसते. त्याचे मागचे पाय माणसाच्या पायांसारखे वाकतात. पूर्ण हत्तीला दोन पायांवर चालवायचे झाले तर बैलापेक्षा किंवा वाघापेक्षा तो सोपा जातो, हे त्याच्या आकाराकडे पाहून कुणाला खरे वाटणार नाही.

दुसरा आक्षेप चित्रकारांकडूनच येतो, आणि तो जास्त चिवट आहे. बोलणारा वाघ जगात नाहीच, मग त्याची शरीररचना चुकणार कशी? शिवाय लहान मुलांची मासिके आणि कार्टून दोन गोळे आणि चार काड्यांच्या प्राण्यांनी भरलेली आहेत आणि मुलांना ती मनापासून आवडतात. पहिल्या भागाला उत्तर असे की पाहणारा बोलणाऱ्या वाघाची तुलना दुसऱ्या बोलणाऱ्या वाघाशी करत नाही. तो स्वतःच्या शरीराशी करतो. आपण बसतो, वाकतो, वजन उचलतो. पात्राने ते केले की आपले अंग ते पडताळून पाहते. भंडाऱ्यातल्या शेतकऱ्याला बैलाचे चित्र दाखवा, ज्यात बैल वरच्या दातांची पांढरीशुभ्र रांग दाखवून हसतो आहे. तो लगेच म्हणेल, हे खोटे. कारण बैलाचे वय तो दातांवरून ठरवतो, दोनदाती, चारदाती, जुळलेला. आणि ते सगळे दात खालच्या जबड्यातले. बैलाला वर पुढचे दात नसतात, तिथे घट्ट हिरडी असते. आक्षेपाच्या दुसऱ्या भागाला उत्तर असे की दोन गोळ्यांच्या प्राण्यात शरीररचना टाळलेली नसते, ती कमीत कमी रेषांत सांगितलेली असते. चांगल्या कार्टूनकाराच्या काडीच्या पायालाही टाच असते. ती कुठे आहे हे त्या काडीच्या एका मोडीवरून कळते. जो टाच जाणतो तो ती एका मोडीत दाखवू शकतो. जो जाणत नाही तो पायावर केस आणि नखे वाढवत बसतो, आणि पाय तरीही कुठेच टेकत नाही.

तिसरा आक्षेप आजचा आहे: फोटो आणि व्हिडिओ हाताशी असताना सांगाडा कशाला शिकायचा? कारण फोटो कातडी दाखवतो. वाघाची कातडी सैल असते, पोटाखाली लोंबते. अस्वलाचे केस त्याचा निम्मा आकार लपवतात. पक्ष्याचा तर गुडघा पिसांत पूर्ण झाकलेला असतो. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानशेतांत आणि मालगुजारी तलावांच्या काठी दिसणारा सारस माणसाएवढा उंच होतो. त्याच्या लांब पायाच्या मध्यावर जो ‘उलटा गुडघा’ दिसतो तो घोटा आहे. बैलाचीच गोष्ट इथे पुन्हा भेटते. सारसाला धोतर नेसवायचे ठरले तर फोटोवरून काढणारा काष्टा चुकीच्या सांध्यावर बांधतो. फोटो जरूर वापरावेत, पण आत काय आहे हे माहीत असलेल्या डोळ्यानेच ते वाचता येतात. आपल्या शाळांतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना वस्तुचित्र आणि स्मरणचित्र शिकवले, हे मोठे काम आहे. पण स्मरणचित्रातला बैल बहुतेक वेळा बाजारातल्या गर्दीमागची एक बाह्यरेषा होऊन राहतो, आणि त्या रेषेच्या आत काय आहे हे विचारायची सवय मुलांना लागत नाही.

ती सवय लावायला फार साधने लागत नाहीत. एका कागदावर माणसाचा पाय आणि शेजारी वाघाचा पाय काढावा, दोन्हींची मांडी एका रंगाने, नडगी दुसऱ्याने, पाऊल तिसऱ्याने रंगवावे. मग मधली तीन चित्रे काढावीत, ज्यांत माणसाचे पाऊल टप्प्याटप्प्याने लांबत आणि टाच उचलत वाघाकडे जाते. त्या पाचांपैकी आपले पात्र कोणत्या पायरीवर उभे आहे हे ठरवल्याशिवाय चेहऱ्याला हात लावू नये. हेच खांद्याला, हेच मानेला. भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय आहे, १८६३ मध्ये सुरू झालेले, लोकांच्या तोंडी अजब बंगला. तिथल्या पेंढा भरलेल्या प्राण्यांसमोर वही घेऊन बसता येते, आणि ते हलत नाहीत. गोठ्यातला बैल हलतो, पण त्याचा फायदा वेगळा: तो बसताना आणि उठताना कोणता सांधा आधी मोडतो हे फक्त तोच दाखवतो. बैल बसताना आधी पुढचे पाय दुमडतो आणि उठताना मागचे पाय आधी उचलतो. माणसासारखा बैल खुर्चीवरून उठवायचा झाला तर या क्रमाची थोडी आठवण त्याच्या पाठीच्या रेषेत ठेवता येते. वाचकाला ती वेगळी दिसणार नाही, पण बैल तिच्यामुळे बैल राहील.

शेपूट बहुतेक जण शेवटी काढतात आणि ती बहुतेकांची चुकते. शेपूट म्हणजे कण्याचेच मागचे टोक; ती माकडहाडाच्या जागेतून, कमरेच्या खाली आणि बसण्याच्या जागेच्या वरून निघते. म्हणून कपडे आधी आणि शेपूट नंतर असा क्रम चालत नाही. कणा, कंबर, शेपटीचे मूळ आणि मग धोतर किंवा पँट, अशाच क्रमाने जावे लागते, नाहीतर शेपूट कापडाला टाचल्यासारखी दिसते. वानराची शेपूट त्याच्या डोके-धडाच्या लांबीहूनही लांब असते, त्यामुळे ती चित्रातली सर्वांत ठळक रेषा होते. ती कशी धरायची हेही मनाने ठरवायचे काम नाही. चालताना तापी-गोदावरीच्या उत्तरेकडचे वानर साधारणपणे शेपटीची कमान पाठीवरून पुढे, डोक्याकडे नेतात. दक्षिणेकडचे वानर ती मागे सोडतात. भंडारा गोदावरीच्या उत्तरेला आहे. इथला वानर चालता काढायचा असेल तर त्याच्या शेपटीचे टोक डोक्याच्या दिशेने येईल, आणि त्यासाठी पाठीमागे नव्हे तर पाठीच्या वर कागद मोकळा ठेवावा लागेल.